टेहळणीचं विमान

यंदा कांडप बंद ठेवलंय. शिवाजी पेठेत आमची मिरची कांडायची गिरणी हाय, सासऱ्यांच्या वेळेपासनं. उन्हाळ्यातच खरा धंदा. बाया पिशव्या घेऊन दारात नंबर लावून बसत्यात. पण लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरात करायचं, म्हणजे माझ्या घरात, आणि खाली मिरचीचा खकाणा उडाय लागला तर वर बाळाला ठसका लागंल, म्हणून मीच म्हटलं, औंदा मशीन चालवायचं न्हाई. दारावर पाटी लावली. पाटी वाचतंय कोण? बाया येत्यातच.

परवा मागच्या गल्लीतली बयाबाई आली. हातात मिरचीची पिशवी आणि डोळे वरच्या खिडकीकडं.

"बंद हाय," मी म्हटलं.

"ते दिसतंय की. स्नेहल मोकळी झाली म्हणं? काय झालं?"

"मुलगी."

"बरं झालं बाई. पेढं कवा देतीस?"

"मेलेली जन्मली," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

बयाबाईचा काय दोष न्हाई. तिला ठाव नव्हतं. पण मी तोंडानं फटकळच, लग्नाआधीपासनं. पुण्याच्या व्याह्यांस्नी माझ्या बोलण्याचं हसू येतं, कारण आमच्या कोल्हापुरात बाईमाणूस बी 'मी आलो, मी गेलो'च म्हणतं. येऊ दे हसू. मी काय त्यांच्यासाठी जीभ बदलणार न्हाई.

झालं ते असं. स्नेहलचे दिवस भरलेले. जावई धैर्यशील पुण्याहून येऊन थांबलाता. आदल्या दिवसापर्यंत बाळ पोटात चांगलं लाथा मारत होतं. मग स्नेहल म्हणाली, आज हालचाल लागंना. दवाखान्यात न्हेली, तर ठोके थांबलेले. डॉक्टरीणबाईंनी शेजारी बसून सांगितलं, कुणाचं काय चुकलेलं न्हाई, कधीकधी होतं असं. ऑपरेशन करून मुलगी बाहेर काढली. स्नेहल गुंगीत होती. नर्सनं बाळ कापडात घेऊन माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "आईला शुद्ध आली की दाखवायचं का?"

मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाल्या, "अजिबात न्हाई. तोंड बघितलं की जीव अडकतो."

आक्का म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. घरातलं बारसं असो नाहीतर मयत, सगळं त्यांच्या सांगण्यानं होतं. त्यांनी न्हाई म्हटलं की न्हाई. मग मालक आणि धैर्यशील बाळाला घेऊन गेलं, पुरलं आणि हातपाय धुऊन आलं. एवढ्या लहान जिवाला जाळत न्हाईत. बायकांनी तिकडं जायचं नसतं. म्हणजे जिनं पोटात वाढवली तिनं तिला बघितलीच न्हाई. बघितली मी. कापड बाजूला करून, खिडकीच्या उजेडात न्हेऊन चांगली बघितली.

घरी आणल्यावर स्नेहलनं एकदाच विचारलं. खाटेवर टेकली आणि म्हणाली, "आई, कशी होती?"

आक्का लगेच पुढं. "ते विचारू नगंस आता. नाव काढायचं न्हाई. तरणी हायस, पुन्यांदा होईल."

स्नेहलनं माझ्याकडं बघितलं. मी आळिवाची खीर आणायच्या निमित्तानं खाली गेलो. त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं न्हाई. तेच काय, कायच बोलंना झाली. जेवतीस का, तर व्हय. पाणी पायजे का, तर न्हाई. खिडकीतनं रस्त्याकडं बघत बसायची, पण रस्त्यावरचं तिला काय दिसत असंल असं वाटत नव्हतं.

मला बी काय होईना. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. दाढ काढायच्या आधी सुई टोचत्यात आणि मग आपला गाल आपला वाटत न्हाई, तसं माझं सगळं अंग झालतं. भाकरी थापायचो, धुणं धुवायचो, पोरीला शेक द्यायचो, आणि हे सगळं कोण दुसरीच करतीया असं वाटायचं. पोरीला दूध येत होतं. दूध बंद व्हायच्या गोळ्या दिल्यात्या तरी येत होतं. मी तिची छाती फडक्यानं आवळून बांधायचो, आणि ती हात वर करून गप बसायची. अंगाला कोण सांगणार, बाळ न्हाई म्हणून.

धैर्यशील कामावर पुण्याला परत गेलाता, रविवारी तो तिला न्यायला येणार होता. बाळंतीण सासरी जायची म्हणजे तिची एक रीत असती. पाळणा, टोपडी, बाळाच्या हातातले मणी, लेकीला साडी, सगळं मी आधीच आणून ठेवलेलं. आता काय द्यायचं? ओटी भरायची का न्हाई? आक्कास्नी विचारलं, तर सगळ्या गावाला रीत सांगणारी ही बाई भिंतीकडं बघाय लागली. "बघू," म्हणाल्या. टोपड्यांचं बोचकं मात्र त्यांनी आदल्याच दिवशी उचलून कुणाला तरी देऊन टाकलेलं.

मला रीतीचं एवढं पडलं नव्हतं. मला पोरीचं भ्या वाटत होतं, खरं सांगतो. अशीच मुकी पुण्याला गेली, तर तिथं त्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटी. धैर्यशील कामावर जाणार. ही अशीच आत आत जाणार आणि मला फोनवर व्हय आणि न्हाई ऐकाय मिळणार, जन्मभर. मला माझी भांडणारी, हसणारी पोरगी परत पायजे होती, ती बी रविवारच्या आत. काय केलं म्हणजे ती परत येईल ते मात्र कळत नव्हतं.

अशात मालकांनी काय करावं? स्नेहलच्या पुढ्यात लॅपटॉप ठेवला आणि लढाईचा खेळ लावून दिला.

आमचं मालक, म्हणजे जोतीराम, साखर कारखान्यात कॉम्प्युटर खात्यात होतं. तिथं पहिला कॉम्प्युटर आला तवा तो बसवायला एक इंजिनिअर आलता, त्यानं फ्लॉपीवरनं हा खेळ दिला. ऊस संपून गाळप बंद झालं की खात्यात काम नसायचं, तवा ही सगळी शहाणी माणसं बसून जहाजं बुडवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मालक स्नेहलला संगं न्यायचं आणि दोघं बापलेक खेळायची. मी त्यावेळी लई बोललो. पुढं फ्लॉपी चालंनाशी झाली, तर राजारामपुरीतल्या एका दुकानदाराच्या मागं लागून मालकांनी तो खेळ पेनड्राइव्हवर करून घेतला. घराचं छप्पर गळतंय ते दुरुस्त करायला ह्यांना सवड नव्हती, पण हे बरोबर केलं.

खेळ तरी कसला? बघाल तर काय दिसत न्हाई. काळा पडदा आणि त्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं. चित्र न्हाई, आवाज न्हाई. दुसऱ्या महायुद्धातली विमानवाहू जहाजं म्हणं, एका बाजूला जपानी, एका बाजूला अमेरिकन. समुद्र कुठं हाय? न्हाई. जहाज कुठं हाय? आकड्यात. आपण टाइप करायचं, अमुक दिशेला टेहळणीचं विमान सोडा. मग थांबायचं. थोड्या वेळानं ओळ येती, विमानाला अमुक ठिकाणी शत्रूची जहाजं दिसली, नाहीतर काय दिसलं न्हाई. त्या एका ओळीवर भरवसा ठेवून आपण बॉम्बची विमानं सोडायची. टेहळणीचं विमान परतच आलं न्हाई, तर तिकडं काय होतं ते आपल्याला कळायचं न्हाई.

मी मालकांस्नी खाली बोलवून घेतलं आणि धरलं. "पोरगी अशी बसलीया आणि तुम्ही तिला माणसं मारायचा खेळ देताय? डोस्कं ठिकाणावर हाय का?"

"मग काय देऊ?" मालक म्हणालं.

मी आणखी चार शब्द ऐकवलं. मालक ऐकून घेत उभं राहिलं आणि परत वर गेलं. ह्या माणसाशी भांडण बी धड होत न्हाई. दवाखान्यातनं आल्यापासनं तर नुसतं सावलीगत घरात फिरत होतं.

खेळ दोघांचा आणि कॉम्प्युटर एक. त्यामुळं ह्यांची कारखान्यापासनंची एक रीत होती. एकजण टाइप करत असला की दुसऱ्यानं भिंतीकडं तोंड करून बसायचं. मागं वळायचं न्हाई, चोरून बघायचं न्हाई. आपलं काम झालं की 'झालं' म्हणायचं, मग जागा बदलायची. मी चहा घेऊन वर गेलो की मालक भिंतीकडं तोंड करून बसलेलं, गुडघ्यावर हात, शाळेत शिक्षा झाल्यागत. आणि स्नेहल बटणं दाबतीया, तोंडावर काय न्हाई.

ती खेळायची तरी कशी? सगळी विमानं एकदम सोडून द्यायची. विमानं गेली की ती परत यायची वेळ व्हायची. तवा म्हणं जहाज वाऱ्याच्या दिशेनं वळवावं लागतं, त्याशिवाय विमानांना उतरता येत न्हाई. खेळ विचारतो, जहाज वळवायचं का? स्नेहल न्हाईचं बटण दाबायची. तो परत विचारायचा. परत न्हाई. मग ओळ यायची, पेट्रोल संपलं, विमानं समुद्रात पडली. ती ओळ वाचायची आणि नवा डाव लावायची. त्यात बी तेच.

एकदा मी मागं उभारलोतो, मला राहवलं न्हाई. "वळव की गं," मी म्हटलं. "घरी येत्यात ती."

"कशाला?" स्नेहल म्हणाली.

मी मालकांकडं बघितलं, ते भिंतीकडंच बघत होतं. खाली आल्यावर मला म्हणालं, "बोलली बघ. 'कशाला' म्हणाली."

"त्यात काय आनंद हाय?"

"व्हय-न्हाई सोडून बोलली की."

रोज संध्याकाळी धैर्यशीलचा फोन यायचा. आधी स्नेहलला, मग मला. पोरगं चांगलं हाय, उगं नावं ठेवणार न्हाई मी. "आई, ती काय बोलती का?" असं विचारायचा.

"खेळती," मी म्हणायचो.

"काय खेळती?"

"जहाजं बुडवती. सासऱ्याला विचार तुझ्या."

मग तो फोन ठेवतोय असं बी म्हणायचा न्हाई आणि ठेवायचा बी न्हाई. आम्ही दोघं तसंच फोन कानाला लावून उभं राहायचो, तो पुण्यात आणि मी चुलीपाशी. एकदा त्यानं विचारलं, "आई, मी रविवारी आलो तर ती येईल न्हवं माझ्याबरोबर?" मी म्हटलं, येईल की, कुठं जाईल. खरं तर ती आलीच असती. ऊठ म्हटलं की उठत होती, बस म्हटलं की बसत होती. त्याचंच तर भ्या होतं.

शुक्रवारी दुपारी मालक टाक्यांचं औषध आणाय बाहेर गेलं. आक्का खाली पंख्याखाली पडल्यात्या. मी ताट उचलाय वर गेलो. स्नेहल लॅपटॉपपुढं बसलेली, डाव अर्धा राहिलेला, शेजारची खुर्ची रिकामी.

"आई, तू बस," ती म्हणाली.

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई."

"पप्पांचा डाव हाय. ते येईपर्यंत बस."

एवढं लांब वाक्य ती कितीतरी दिवसांनी बोलली होती. मी ताट तिथंच जमिनीवर ठेवलं आणि बसलो. तिनं लॅपटॉप माझ्याकडं सरकवून दाखवलं, इथं दिशा टाकायची, इथं किती लांब ते, मग एंटर. आणि आपली खुर्ची भिंतीकडं फिरवून बसली. कानाला फडकं बांधलेलं, वेणी घातलेली न्हाई, पाठ वाकलेली. तिची पाठ मला अशी बघाय मिळालीच नव्हती. अंगानं निम्मी झालती पोरगी.

मी दिशा टाकली, एंटर मारलं, टेहळणीचं विमान गेलं. मी थांबलो. खरं सांगतो, जरा उत्सुकता वाटली. मग ओळ आली.

आता माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं. लाइटबिल वाचतो, औषधाची बाटली वाचतो. पण मोठ्यानं वाचल्याशिवाय डोस्क्यात शिरत न्हाई. म्हणून मी बोट ठेवून वाचाय लागलो, "स्काउट... साइट्स... टू कॅरियर्स... वन क्रूझर... कोर्स ईस्ट. म्हणजे बघ, तुझी दोन मोठी जहाजं दिसली मला, आणि एक धाकटं हाय बरोबर. पूर्वेकडं चाललीत. बरोबर का?"

स्नेहलची पाठ जरा हलली. हसली का काय झालं ते मला दिसलं न्हाई.

"आई, ते मोठ्यानं वाचायचं नसतं."

"का?"

"तू माझी शत्रू हायस. तुझ्या विमानानं काय बघितलं ते मला सांगायचं न्हाई. आपल्यातच ठेवायचं."

"असलं कसलं? बघितलं तर सांगणारच की मी. माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, ठाव हाय की तुला."

रस्त्यावरनं एक रिक्षा गेली. मला वाटलं, झालं, परत मुकी झाली.

"भिजतो की," ती म्हणाली. "तू बघितलीस तिला. इतके दिवस तोंडात ठेवलंस."

माझा हात बटणांवरच राहिला. आक्का खाली घोरत होत्या, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. मला वाटलं, उठावं, ताट उचलावं आणि खाली जावं.

"सांग," स्नेहल म्हणाली. "आता वाचलंस तसं, मोठ्यानं." आणि वळाय लागली.

"वळू नगं," मी म्हटलं. "तिकडंच बघ. तू बघितलंस माझ्याकडं तर मला जमायचं न्हाई."

ती भिंतीकडं तोंड करून बसली. मी बटणं सोडली आणि पदराचा कोपरा धरला.

"केस होते," मी म्हटलं. "लई केस. काळेभोर. ओले होते, कपाळावर चिकटलेले."

"अजून."

"बोटं लांब. नखं वाढलीती, कापायला झालती. डाव्या हाताची मूठ मिटलेली होती, उजवी उघडी."

"डोळे?"

"मिटलेले होते. कसे होते ठाव न्हाई. मी उघडून बघितलं न्हाई." खोटं बोलणार नव्हतो. एकदा सांगायचं तर खरं तेच सांगायचं.

"नाक?"

"नाक तुझ्या पप्पांचं. बसकं. अगदी तेच. ओठ तुझे, खालचा जाड. आणि कपाळाला आठी होती, रागात असल्यागत. ती माझी."

"म्हणजे तापटच निघाली असती."

"निघाली असती की. घर डोक्यावर घेतलं असतं तिनं."

"वजन?"

"भरलेली होती. हाताला जड लागली मला. मांड्यांना वळ्या होत्या. तू चांगली वाढवलीतीस तिला, काय कमी केलं नव्हतंस."

मला वाटलं, पुरे झालं तिला. मग तिनं हळू विचारलं, "गार होती?"

"न्हाई. ऊन होती."

"खरं?"

"तुझ्या पोटातनं आत्ताच आलती. तुझीच ऊब होती तिच्या अंगाला. मी छातीशी धरलेली. माझ्या हातात होती तोवर ऊनच होती. नर्स मागाय आली तर मी म्हटलं, जरा थांबा. दुसऱ्यांदा आली तवा दिली."

तवा स्नेहल रडली. आधी आवाजच न्हाई, नुसती खुर्ची हलत होती. मग आवाज आला, आणि तो ऐकून मला बी आलं. इतके दिवस कुठं होतं कुणास ठाव, नाकातोंडातनं आलं. मी उठून तिच्या मागं गेलो आणि तिचं डोकं पोटाशी धरलं. कॉम्प्युटरवर ओळ लुकलुकत होती, पुढं काय करणार सांगा म्हणून. बस म्हटलं लुकलुकत.

आवाज ऐकून आक्का जिना चढून आल्या. धाप लागलेली. "काय झालं? काय सांगितलंस तिला?"

"सगळं."

"नाव काढायचं न्हाई म्हटलं होतं न्हवं मी?"

"आक्का, तुम्ही बघितली न्हाईसा. मी बघितली. ज्यानं बघितलं त्यानं सांगायचं." असं मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. आक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण त्यांनी खालची जमीन बघितली आणि ते उष्टं ताट उचलून हातात धरून ठेवलं.

स्नेहलनं माझ्याच पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "कुठं हाय ती?"

ते मला ठाव नव्हतं. आक्कास्नी बी नव्हतं. बायकांनी जायचं नसतं तिकडं.

"मला ठाव हाय," मालक म्हणालं. कवा आलं ते कळलंच न्हाई. जिन्याच्या वरच्या पायरीवर औषधाची पिशवी घेऊन उभं होतं. किती ऐकलं ते बी ठाव न्हाई. "चल, दावतो."

मी आक्कांकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "टाके ओले हायत तिचे. रिक्षा दारापर्यंत आण की मग, जोत्या. तिला पेठेतनं चालवत न्हेशील काय?"

मी स्नेहलच्या चपला शोधल्या. घरी आल्यापासनं तिनं त्या घातल्याच नव्हत्या, खाटेखाली गेलत्या. तिचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा कठड्यावर, असं आम्ही एकेक पायरी उतराय लागलो. मालक पुढं, मागं वळून वळून बघत. मधल्या पायरीवर ती दम घ्यायला थांबली.

"पप्पा, धैर्यशीलनं तोंड बघितलं तिचं?"

मालक म्हणालं, "न्हाई. कापड उघडायचा धीर झाला न्हाई त्याला. मला बी झाला न्हाई. तसंच ठेवलं."

"मग रविवारी आला की मी सांगीन त्याला," स्नेहल म्हणाली.

मालकांनी मान हलवली आणि पुढची पायरी उतराय पाय टाकला.

"तुमचं नाक होतं तिला, पप्पा," ती म्हणाली.

मालक थांबलं. औषधाची पिशवी हातात तशीच धरून ते हळूच त्या पायरीवर बसलं, आणि आम्हाला दोघींना त्यांच्या मागं उभं राहावं लागलं.